चीनचा भिंतीवरचा नकाशा: कोणत्या रेषा काढाव्यात, कोणत्या टाळाव्यात?

दादरचा_वाचक (प्रश्न):

नमस्कार मंडळी. आमच्या दादरच्या वाचनालयात पावसाळ्यात दर शनिवारी एका देशाचा अभ्यास होतो. यंदा चीन घेतलाय. वीस-पंचवीस जण असतात, कॉलेजच्या मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत. भिंतीवर सहा बाय चार फुटांचा सनबोर्ड लावायची सोय आहे आणि त्यावर चीनचा नकाशा आपणच तयार करावा असं ठरलंय.

बाजारातले नकाशे प्रांताप्रांताला वेगळा रंग देतात. त्यावरून सिचुआन कुठे आहे ते कळतं, पण तिथे आठ कोटी माणसं का आणि शेजारच्या तिबेटमध्ये चाळीस लाखसुद्धा का नाहीत, ते कळत नाही. आम्हाला असा नकाशा हवा की त्याच्यापुढे उभं राहून भूगोल, इतिहास आणि आजचा समाज हे तिन्ही विषय सांगता येतील. किनलिंग-ह्वाय रेषा आणि हू रेषा अशा दोन रेषांबद्दल वाचलंय. दोन्ही काढायच्या का? प्रमाण काय घ्यायचं? आणि नावांचा तर गोंधळच आहे. एक जण झियान लिहितो, दुसरा शिआन, कुणी किंगहाई तर कुणी छिंगहाई. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

नकाशाघर:

आधी बोर्डाचं गणित करू. सहा बाय चार फूट म्हणजे १८३ बाय १२२ सेंटिमीटर. चीनची मुख्य भूमी आणि हैनान बेट धरून दक्षिणोत्तर अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास होतं आणि पूर्व-पश्चिम सरळ मोजलं तर सुमारे ४,९०० किलोमीटर. एकास तीस लाख हे प्रमाण घ्यायचा मोह होईल, पण त्यात उंची १३३ सेंटिमीटर होते आणि हैनान बोर्डाच्या खाली जातं. एकास पस्तीस लाख घ्या, म्हणजे एक सेंटिमीटरला ३५ किलोमीटर. चीन साधारण १४० बाय ११५ सेंटिमीटरमध्ये बसतो.

आडवी ४३ सेंटिमीटर जागा उरते. ती दोन्ही बाजूंना सारखी वाटू नका. डावीकडे २८ आणि उजवीकडे १५ ठेवा. डावीकडच्या जागेत भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा काही भाग मुंबईसकट येतो. समोर बसलेल्या माणसाला आपलं गाव त्याच नकाशावर, त्याच प्रमाणात दिसलं की अंतरं आपोआप समजतात. सूची वरच्या डाव्या कोपऱ्यात, कझाकस्तान आणि रशियाच्या जागेवर घाला.

फोनवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट मोठा करून चिकटवणं ही हमखास होणारी चूक आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायच्या पद्धतीला प्रक्षेपण म्हणतात, आणि तो स्क्रीनशॉट मर्केटर प्रक्षेपणात असतो. पन्नास अंश अक्षांशावरचा प्रदेश वीस अंशावरच्या तुलनेत क्षेत्रफळात दुपटीहून मोठा दिसतो. त्यामुळे ईशान्येचा हेलोंगजियांग फुगतो, ग्वांगडोंग आक्रसतो आणि लोकसंख्येची घनता दाखवायच्या वेळी सगळंच चुकतं. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात क्षेत्रफळ खरं राखणारं समक्षेत्र शंकू प्रक्षेपण (अल्बर्स इक्वल एरिया कॉनिक) निवडा, प्रमाण अक्षवृत्तं २५ आणि ४७ अंश उत्तर, मध्य रेखावृत्त १०५ अंश पूर्व. जमलं की नाही ते बघायला ३५ अंशाची अक्षवृत्त रेषा काढून पाहा. ती वाटीच्या बुडासारखी मधे खाली झुकलेली दिसली पाहिजे. सरळ आडवी दिसली तर प्रक्षेपण बदललेलंच नाही.

छपाई ए-थ्री कागदांवर करा. प्रत्येक कागदाला जोडासाठी दोन सेंटिमीटर सोडले तर उभे कागद आडव्या रांगेत सात आणि खाली तीन, असे २१ लागतात. झेरॉक्सवाल्याला ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करायला आवर्जून सांगा. तो चालू राहिला तर प्रत्येक कागद तीन-चार टक्के लहान होतो आणि जोडावर नद्या तुटतात. चिकटवण्याआधी बीजिंग ते ग्वांगझौ अंतर पट्टीने मोजा. ५४ सेंटिमीटर यायला हवं. ५२ आलं तर सगळे कागद परत काढा.

पावसाळा आहे, म्हणून पाणी मिसळलेला फेव्हिकॉल नको. कागद फुगतो, वाळताना सुरकुततो आणि सनबोर्ड धनुष्यासारखा वाकतो. पाच मिलिमीटर जाडीचा बोर्ड आणि दुहेरी चिकटपट्टी किंवा स्प्रेचा गोंद वापरा. अब्दुल रहमान स्ट्रीटवर दोन्ही मिळतं.

आता सीमेचं. परदेशी संकेतस्थळांवरून घेतलेल्या फाइलींमध्ये अक्साई चीन आणि काही वेळा अरुणाचलसुद्धा चुकीच्या बाजूला असतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून भारताची बाह्यसीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या फाइलमधूनच घ्या आणि बाकीचा नकाशा तिच्याशी जुळवा. उलट करायला जाल तर लडाखमध्ये दोन रेषा एकमेकींवर चढतात आणि मग कुठली खोडायची ते कळत नाही.

पाऊसपाणी:

दोन्ही रेषा काढा. प्रांतांच्या सीमा मात्र फिकट राखाडी रंगात, दुरून दिसणार नाहीत अशा. माझं मत स्पष्ट आहे: चीन पावसाच्या आणि नद्यांच्या रेषांनी समजतो, प्रांतांच्या रंगांनी नाही. क्रमही तोच ठेवा. पहिल्यांदा पाऊस, मग नद्या, मग माणसाने बांधलेलं, शहरं अगदी शेवटी.

पहिली, वर्षाला ४०० मिलिमीटर पावसाची रेषा. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे तिरकी उतरते. हिच्या पलीकडे, वायव्येला, पावसावर शेती फारशी होत नाही, कुरणं आणि वाळवंट. आपल्या माणदेशात पाचशेच्या आसपास पडतो आणि तिथेही ज्वारी-बाजरीची काय ओढाताण होते ते सगळ्यांना माहीत आहे. हिच्याच जवळून हू रेषा जाते. हू ह्वानयोंग या भूगोलतज्ज्ञाने १९३५ साली ती मांडली. ईशान्य सीमेवरचं आयहुई (आजचं हेइहे) आणि युन्नानमधलं तेंगचोंग ही दोन टोकं सरळ जोडायची. त्याच्या हिशेबात रेषेच्या आग्नेयेला ३६ टक्के जमीन आणि ९६ टक्के माणसं होती. तेव्हाच्या हिशेबात मंगोलियाही धरला होता, म्हणून आजच्या सीमांनी आग्नेयेचा भाग सुमारे ४३ टक्के भरतो. लोकसंख्येचा वाटा मात्र अजून ९४ टक्क्यांच्या आसपास आहे. मधे युद्धं, क्रांती, दुष्काळ, कारखाने, सगळं होऊन गेलं आणि रेषा जागची हलली नाही. तुमच्या नकाशावर ती १०८ सेंटिमीटर लांब होते, मीटरपट्टी पुरत नाही. दोन टोकांना टाचण्या टोचून दोरा ताणा आणि लाल लोकरीचा धागा तसाच राहू द्या. शाईपेक्षा तो उठून दिसतो.

चीनची भिंतही याच पट्ट्याने जाते, कारण नांगर आणि घोडा यांची सीमा इथेच आहे. ती एकच अखंड रेषा म्हणून काढू नका. पर्यटकांच्या फोटोतली विटांची भिंत मिंग घराण्याच्या काळातली (१३६८ ते १६४४). छिन सम्राटाची भिंत इ.स.पू. तिसऱ्या शतकातली, बरीचशी मातीची आणि तिची जागाही वेगळी. मिंग भिंत जाड तुटक रेषेने दाखवा, बाकीच्या तोंडी सांगा.

दुसरी रेषा छिनलिंग पर्वत ते ह्वाय नदी. ही पूर्व-पश्चिम जाते, साधारण ३३ अंशांवर. इथे पाऊस ८०० मिलिमीटर आणि जानेवारीचं सरासरी तापमान शून्य. वर गहू, बाजरी, नूडल्स, वाफवलेले पाव. खाली भात. आपल्याकडे घाट उतरलं की भाकरीचा भात होतो, तसंच, फक्त उभ्याऐवजी आडवं. या रेषेचा परिणाम आजच्या घरांतही दिसतो. १९५०च्या दशकात सरकारने हिच्या उत्तरेलाच सार्वजनिक उष्णतेचे नळ दिले. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च घरं गरम असतात. शांघायमध्येही थंडी बोचरी असते, पण ते रेषेच्या दक्षिणेला, त्यामुळे ही सोय तिथे मिळाली नाही. यांगत्से नदीलाच उत्तर-दक्षिण सीमा समजणं चूक आहे. ह्वाय तिच्या बरीच वर वाहते.

आता पीत नदी, ह्वांग हो. लांबी ५,४६४ किलोमीटर. लोएसच्या, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीच्या, पठारातून जाताना ती जी पिवळी माती उचलते, ती विसाव्या शतकाच्या मध्यात वर्षाला सुमारे १६० कोटी टन मोजली गेली. मैदानात उतार संपला की माती तळाशी बसते, तळ वर येतो, लोक बांध उंचावतात, तळ आणखी वर येतो. कैफेंगपाशी नदीचा तळ शहराच्या जमिनीपेक्षा उंच आहे. अशी नदी बांध फोडते तेव्हा परत येत नाही, नवी वाट धरते. १८५५ पर्यंत ती शांडोंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेला समुद्राला मिळत होती. त्या वर्षी फुटली आणि उत्तरेला गेली. जुनं मुख आणि नवं मुख तुमच्या नकाशावर ११ सेंटिमीटर दूर येतील. जुना मार्ग कैफेंगवरून शूचौकडे आणि पुढे समुद्रापर्यंत तुटक निळ्या रेषेने नक्की काढा. १९३८ साली जपानी सैन्य अडवायला चिनी सरकारच्या फौजेने झेंगझौजवळ ह्वायुआनखौ इथे बांध स्वतः फोडला. लाखो माणसं मेली आणि नदी १९४७ पर्यंत ह्वायच्या खोऱ्यात वाहत राहिली.

महाकालवा समजल्याशिवाय चीनचं राज्य इतकं टिकलं कसं ते समजत नाही. राज्यकर्ते आणि सैन्य उत्तरेला, तांदूळ दक्षिणेला, आणि सगळ्या मोठ्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेला. दक्षिण आणि उत्तर जोडणारी एकही मोठी नदी नाही, म्हणून ती खणावी लागली. सुई घराण्याच्या यांग सम्राटाने ६०५ ते ६१० मध्ये लुओयांग मध्यावर ठेवून कालवे जोडले. युआन (मंगोल) घराण्याच्या काळात राजधानी आजच्या बीजिंगला गेली, तेव्हा तेराव्या शतकाच्या अखेरीस शांडोंगमधून सरळ वाट काढली गेली. अडचण अशी की शांडोंगात जमीन मधेच उंच आहे, पाणी दोन्हीकडे उतरून जातं आणि नावा चिखलात रुततात. १४११ मध्ये वेन नदीवर बंधारा घालून तिचं पाणी नानवांग या सर्वांत उंच ठिकाणी आणलं आणि तिथून दोन्ही बाजूंना सोडलं. सात भाग उत्तरेला, तीन दक्षिणेला, अशी म्हण आहे. नानवांगला एक ठळक टाचणी लावा. १८५५च्या पुराने कालवा कापला गेला, १९०१ मध्ये धान्याची सरकारी वाहतूकही थांबली. २०१३ पासून मात्र दक्षिणेचं पाणी उत्तरेला नेणाऱ्या योजनेचा पूर्व मार्ग याच कालव्याच्या वाटेने १३ टप्प्यांत पंपाने चढवला जातो. मध्य मार्ग डानचियांगखौ धरणातून २०१४ च्या डिसेंबरात सुरू झाला, तो उताराने वाहतो. धान्याऐवजी पाणी, एवढाच फरक.

यांगत्सेवर एकच गोष्ट दाखवायची तर तीन घळींचं (थ्री गॉर्जेस) धरण, यीचांगजवळ. नदी डोंगरातून मैदानात उतरते त्या पायरीवर ते बांधलंय. क्षमता २२,५०० मेगावॉट. आपलं कोयना १,९६० मेगावॉटचं आहे.

उच्चारवेडी:

नावांचा गोंधळ होतो कारण आपण चिनी नावं रोमन लिपीतून इंग्रजीच्या सवयीने वाचतो. चीनची अधिकृत रोमन पद्धत पिनयिन. तिची अक्षरं इंग्रजी उच्चाराची नाहीत. आणि मराठी कानाला हे इंग्रजी कानापेक्षा सोपं जायला हवं, कारण चिनीत आपल्यासारखाच अल्पप्राण-महाप्राण भेद आहे.

पिनयिनचा ‘बी’ म्हणजे आपला प, ‘पी’ म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ. ‘डी’ त, ‘टी’ थ. ‘जी’ क, ‘के’ ख. ‘जे’ म्हणजे च आणि ‘क्यू’ म्हणजे छ. म्हणून बीजिंग चिनी माणूस म्हणतो तेव्हा ते पेइचिंगच्या जवळ ऐकू येतं. ‘एक्स’ म्हणजे श, तोही जिभेचा शेंडा खाली ठेवून. म्हणून शीआन बरोबर आणि झियान पूर्ण चूक. छिंगहाई बरोबर, किंगहाई चूक. प्रश्नातली किनलिंगही छिनलिंग करा. शेवटच्या राजघराण्याचं नाव छिंग, क्विंग नाही.

आपल्याकडे दोन च आहेत, हा आणखी एक फायदा. ‘चिंच’ शब्द मोठ्याने म्हणा. पहिला च पिनयिनच्या ‘जे’च्या जवळचा, शेवटचा च ‘झेड’च्या जवळचा. ‘सी’ म्हणजे हाच शेवटचा च, पण श्वासाचा झोत देऊन.

तरी सगळंच शुद्ध करत बसू नका. बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ, सिचुआन हे वर्तमानपत्रांनी रुळवलेत, ते तसेच लिहा. क्यू आणि एक्स असलेली नावं तेवढी दुरुस्त करा, कारण तिथे चूक फार मोठी होते. आणि एक यादी एकाच माणसाने लिहावी. दोघांनी लिहिली की एकाच नदीची दोन नावं नकाशावर येतात.

एक सापळा आधीच सांगते. दोन शेजारचे प्रांत देवनागरीत दोन्ही ‘शान्शी’च होतात. चिनीत फक्त सूर वेगळा आहे. रोमनमध्ये एकाला जादा ‘ए’ लावून वेगळं केलंय. तुम्ही राजधानी जोडा: ‘शान्शी (शीआन)’ आणि ‘शान्शी (थाइयुआन)’. थाइयुआनचा प्रांत पूर्वेकडे, कोळशाचा. शीआनचा पश्चिमेकडे, जुन्या राजधान्यांचा.

नकाशाच्या तळाला दहा शब्दांची पट्टी लावा, लोकांना खूप मजा येते: बेइ उत्तर, नान दक्षिण, डोंग पूर्व, शी पश्चिम, शान डोंगर, हे किंवा च्यांग नदी, हू तळं, हाई समुद्र, चिंग राजधानी. मग हेबेइ नदीच्या उत्तरेचा, हेनान दक्षिणेचा. ती नदी म्हणजे पीत नदी. हूबेइ आणि हूनान डोंगथिंग तळ्याच्या दोन बाजूंना. शांडोंग डोंगराच्या पूर्वेला. बीजिंग म्हणजे बेइ-चिंग, उत्तरेची राजधानी. नानजिंग म्हणजे नान-चिंग, दक्षिणेची. हैनान समुद्राच्या दक्षिणेला. प्रांतांच्या नावांतच अर्धा नकाशा आहे.

दादरचा_वाचक:

सगळ्यांचे मनापासून आभार. लाल धाग्याची कल्पना लगेच उचलली. आता लोकसंख्येचं. माणसं ठिपक्यांनी दाखवायचं ठरतंय. किती माणसांना एक ठिपका? आणि अल्पसंख्याक समाजांचे प्रदेश वेगळ्या रंगात भरावेत का?

शिरगणती:

दहा लाखांना एक ठिपका ठेवा. २०२०च्या जनगणनेत चीनच्या मुख्य भूमीची लोकसंख्या १४१ कोटी १८ लाख, म्हणजे १,४१२ ठिपके. दोन माणसांनी दोन संध्याकाळी होतात. ग्वांगडोंग १२६, हेनान ९९, सिचुआन ८४, शिनजियांग २६, छिंगहाई ६, तिबेट ४.

गोल स्टिकर वापरायचा विचार असेल तर सोडून द्या. दुकानात सहज मिळतो तो सहा मिलिमीटरचा. शांघायचं क्षेत्र ६,३४० चौरस किलोमीटर, तुमच्या प्रमाणात पाच चौरस सेंटिमीटर. तिथे २५ ठिपके लागतात आणि सहा मिलिमीटरचे २५ स्टिकर सात चौरस सेंटिमीटर खातात. ते समुद्रात जातील. तीन मिलिमीटर टोकाचा पर्मनंट मार्कर घ्या.

ठिपके प्रांतात सारखे विखरू नका. शिनजियांग १६ लाख ६० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा. पण त्याचे २६ ठिपके तकलामाकान वाळवंटाच्या कडेच्या मरूद्यानांत आणि थिएन शान पर्वताच्या पायथ्यालाच पडले पाहिजेत, मधलं वाळवंट रिकामं. सिचुआनमध्ये ७५ हून अधिक ठिपके पूर्वेच्या खोलगट खोऱ्यात, पश्चिमेचा पठारी भाग जवळपास मोकळा.

चोंगछिंगजवळ लोक हमखास फसतात. ‘तीन कोटी वीस लाखांचं जगातलं सर्वांत मोठं शहर’ असं वाचून एका बिंदूवर सगळे ठिपके कोंबतात. १९९७ मध्ये सिचुआनमधून वेगळा काढलेला हा ८२,४०० चौरस किलोमीटरचा केंद्रशासित प्रदेश आहे, आपल्या विदर्भापेक्षा थोडा लहान. त्यात डोंगर आहेत, शेती आहे, खेडी आहेत. ठिपके नदीकाठाने पसरवा.

अल्पसंख्याकांचे प्रदेश रंगवू नका. चीन अधिकृतपणे ५६ समाज मानतो आणि हान ९१ टक्के आहेत. ‘इनर मंगोलिया’ असं नाव असलेल्या स्वायत्त प्रदेशात मंगोल लोक सुमारे १८ टक्केच आहेत. तो पूर्ण रंगवला तर नकाशा खोटं सांगतो. सर्वांत मोठा अल्पसंख्याक समाज च्वांग, जवळपास दोन कोटी, ग्वांगशीत. त्याचं नावही आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसतं. ठिपक्यांच्या आकड्यात रंग मिसळा: शिनजियांगच्या २६ पैकी १२ उइगुर, ११ हान, ३ इतर. हे प्रमाण दिसलं की चर्चा नेमकी होते.

आता खरा मुद्दा. जनगणना माणूस जिथे राहतो तिथे मोजते, पण त्याचा हक्क कुठे आहे ते हुकौ सांगतं. हुकौ म्हणजे कुटुंबाची नोंद, रेशनकार्ड आणि जन्मगाव एकत्र केल्यासारखी. १९५८च्या कायद्याने ती शेती आणि बिगरशेती अशी पक्की विभागली गेली. धान्य शहरातल्या नोंदीवर मिळायचं, म्हणून खेड्यातला माणूस शहरात जाऊन जगूच शकत नव्हता. पुढच्याच वर्षी दुष्काळ सुरू झाला. १९५९ ते ६१ मध्ये कोट्यवधी माणसं मेली आणि सर्वांत जास्त झळ बसली आन्हुई, हेनान, सिचुआनला, म्हणजे धान्य पिकवणाऱ्याच प्रांतांना. सरकारी खरेदी फुगवलेल्या आकड्यांवर झाली, कोठारं भरली आणि गावं उपाशी राहिली. या तीन प्रांतांवर काळी चौकट करा, पण कमीत कमी बोलून. तिथे आकड्यांची शर्यत नको.

१९८० मध्ये शेनझेन, झुहाई, शानथौ, शियामेन ही चार विशेष क्षेत्रं उघडली. चारही दक्षिण किनाऱ्यावर, कारण समोर हाँगकाँग, मकाव, तैवान होते आणि परदेशी गेलेल्या चिनी कुटुंबांची मूळ गावंही तिथलीच. शेनझेनमध्ये २०२०ला पावणेदोन कोटी माणसं होती. मोठा भाग बाहेरून आलेला. तेव्हा देशभर नोंदीच्या गावाबाहेर राहणारे ३७ कोटी ५८ लाख होते. शहरात राहणारे ६४ टक्के, पण शहराची नोंद असलेले ४५ टक्क्यांच्याच आसपास होते. मधल्या फरकातल्या माणसांना मुलांची शाळा आणि महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा यांसाठी बहुतेक वेळा गावच गाठावं लागतं. हेनान, आन्हुई, सिचुआन, हूनानमधून किनाऱ्याकडे बाण काढा. बाण एकेरी काढू नका, परतीचा बारीक बाणही हवा. वसंतोत्सवात, म्हणजे चिनी नववर्षाला, ही माणसं गावी जातात, आणि म्हातारे आईबाप, लहान मुलं बाराही महिने तिथेच असतात. गणपतीला कोकणात जाणाऱ्या एसटीच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे दोन मिनिटांत समजेल. फक्त आपल्या चाकरमान्याला मुंबईच्या शाळेत मूल घालायला गावच्या नोंदीची आडकाठी नव्हती.

जन्मांसाठी वेगळा तक्ता नको, दोन आकडे पुरेत: २०१६ मध्ये १ कोटी ७९ लाख, २०२३ मध्ये ९० लाख. एका मुलाचं बंधन १९८० पासून देशभर होतं, २०१६ ला सुटलं, तरीही.

माझगावकर:

नकाशावर मुंबई बसतेय तर तिचे धागेही ओढा, फार लागत नाहीत.

मुंबईहून ग्वांगझौला पिवळा धागा: कापूस आणि माळव्याची अफू. १७५७ ते १८४२ पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये हे एकच बंदर खुलं होतं, तेव्हा त्याला कँटन म्हणत. जमशेटजी जीजीभॉय पाच वेळा चीनला जाऊन आले आणि त्या व्यापारातल्या पैशातून मुंबईत इस्पितळापासून बरंच काही उभं राहिलं. अफूवर चीनने बंदी आणली, १८३९ला ब्रिटनशी युद्ध झालं, १८४२च्या नानजिंग तहाने हाँगकाँग ब्रिटनकडे गेलं आणि ग्वांगझौ, शियामेन, फूझौ, निंगबो, शांघाय ही पाच बंदरं उघडली. पाचही बंदरांवर एकाच रंगाची टाचणी लावा. पुढे गिरणगावातल्या सुताचं मोठं गिऱ्हाईक चीनच होतं.

उलट दिशेला काळा धागा: युन्नान, ग्वांगझौ, हाँगकाँग, मुंबई. ही प्लेगची वाट. हाँगकाँगात १८९४, मुंबईत मांडवीला १८९६.

तिसरा धागा डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा. सोलापूरचे, जी. एस. मेडिकलला शिकलेले. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांत होते. चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, यानआनला पोचले, मग हेबेइमध्ये आघाडीजवळच्या इस्पितळात काम केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. समाधी शिजियाझ्वांगला आहे. यानआन शान्शीत आहे, शीआनच्या. वर सांगितलेला सापळा इथेच लागतो, जपून.

अक्षांश-रेखांश दाखवायला दोन सोप्या जोड्या. हैनान बेट आपल्या डहाणू ते श्रीवर्धन या पट्ट्याच्या अक्षांशात येतं. आणि पश्चिम टोकाचं काशगर जवळजवळ सोलापूरच्याच रेखावृत्तावर, ७६ अंशांवर आहे. १९४९ पासून सगळ्या चीनचं घड्याळ एकच, १२० अंशाचं. सोलापुरात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा आपल्या घड्याळात सरासरी १२ वाजून २६ मिनिटं होतात. त्याच क्षणी काशगरमध्ये बीजिंगच्या वेळेने २ वाजून ५६. म्हणून तिथले उइगुर लोक दोन तास मागची स्थानिक वेळ पाळतात आणि भेट ठरवताना कुठली वेळ ते विचारून घेतात. सोलापूर ते काशगर पांढरा दोरा लावा. शंकू प्रक्षेपणात तो उभा येणार नाही, वर जाताना उजवीकडे झुकेल. बोर्डाच्या कडेशी समांतर लावायला जाल तर चुकेल, दोन्ही गावांच्या टाचण्यांवरूनच ताणा.